नवरा एफ-१ व्हिसावर, मी अमेरिकन नागरिक: रिटर्न एकत्र भरायचं की वेगळं?

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या ताई अमेरिकन नागरिक आहेत आणि जर्सी सिटीत राहतात. त्यांचं लग्न ६ डिसेंबर २०२५ ला नाशिकला झालं. विवाहनोंदणी ५ जानेवारीला झाली आणि त्यानंतर दोघं परत आले. पती ऑगस्ट २०२२ मध्ये एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर एमएस करायला आले होते, आता स्टेम ओपीटीवर (शिक्षणानंतर त्याच व्हिसावर मिळणारी कामाची परवानगी) नोकरी करतात. २०२५ चा ताईंचा पगार ९५,००० डॉलर, पतींचा ८०,०००. उन्हाळ्याआधी ग्रीन कार्डचा अर्ज करायचा आहे. मैत्रीण म्हणते, नोंदणी जानेवारीतली आहे, २०२५ चं रिटर्न 'सिंगल' म्हणूनच भर. ऑफिसमधला सहकारी म्हणतो, जॉइंट भरलंस तर नवऱ्याचं भारतातलं सगळं आयआरएसपुढे (अमेरिकेच्या कर खात्यापुढे) मांडावं लागेल, त्यापेक्षा सेपरेट भर. सॉफ्टवेअर जॉइंट सुचवतंय. पतींची नाशिकला दहा लाखांची एफडी आहे, म्युच्युअल फंडात सहाएक लाखांची एसआयपी आहे आणि वडिलांबरोबर एका फ्लॅटवर नाव आहे. ताईंनी २०२५ मध्ये रॉथ आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्यात ७,००० डॉलर भरले आहेत. जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय की पतींनी २०२४ चं रिटर्न नेहमीच्या सॉफ्टवेअरमधून फॉर्म १०४० वर (निवासींच्या फॉर्मवर) भरलं होतं. शेवटी त्या विचारतात, "नवीन लग्न झालंय. तुझं तिकडे काय काय आहे, असं विचारायला फार अवघड वाटतं. न विचारता भागेल असा काही मार्ग आहे का?"

ताई, तुमच्या मैत्रिणीचा सल्ला आधी बाजूला ठेवू, कारण तो सगळ्यात महागात पडेल. अमेरिकेत वर्षभराची वैवाहिक स्थिती ३१ डिसेंबरला काय होती त्यावरून ठरते. लग्न जिथे झालं तिथल्या कायद्याने ते वैध असलं की पुरे. हिंदू विवाह कायद्यात सप्तपदी पूर्ण झाली की विवाह पूर्ण होतो, नोंदणी हा त्याचा पुरावा आहे. तुमचं प्रमाणपत्र काढून पाहा. त्यावर नोंदणीची तारीख जानेवारीची असली तरी विवाहाची तारीख ६ डिसेंबर लिहिलेली असेल. हेच प्रमाणपत्र तुम्ही ग्रीन कार्डच्या अर्जाला जोडणार आहात, आणि प्रायोजक म्हणून आय-८६४ या आर्थिक हमीच्या फॉर्मबरोबर तुमचं ताजं टॅक्स रिटर्नही. एका कागदावर डिसेंबरचं लग्न आणि दुसऱ्यावर 'सिंगल', असं दोन्ही एकाच फाइलमध्ये जाऊ देऊ नका. २०२५ साठी तुम्ही विवाहित आहात. निवड उरते ती जॉइंट की सेपरेट एवढीच.

आता सहकाऱ्याचं म्हणणं. त्यात अर्धं खरं आहे, म्हणून ते नीट समजून घ्यायला हवं.

तुमचे पती गेली तीन-साडेतीन वर्षं इथे राहत असले तरी करासाठी अजून अनिवासी आहेत. एफ-१ विद्यार्थ्याचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस वास्तव्याच्या मोजणीत धरत नाहीत, आणि त्यात ओपीटीचा काळही येतो. ते ऑगस्टमध्ये आले, तरी २०२२ हे एक पूर्ण वर्ष धरलं जातं. म्हणजे २०२२ ते २०२६ ही त्यांची पाच वर्षं. काहीच बदललं नाही तर १ जानेवारी २०२७ पासून त्यांचे दिवस मोजले जातील. आणि अनिवासी माणसाबरोबर सरळ जॉइंट रिटर्न भरता येत नाही. त्यासाठी दोघांनी मिळून 'या पतीला पूर्ण वर्ष निवासी धरावं' अशी लेखी निवड करावी लागते. ही निवड केली की लग्न डिसेंबरचं असूनही ते १ जानेवारी २०२५ पासून निवासी धरले जातात आणि त्यांचं जगभरातलं वर्षाचं उत्पन्न रिटर्नमध्ये येतं. सहकारी म्हणतो ते इथपर्यंत बरोबर आहे.

पण जॉइंटने कर वाचतो, हे तुम्ही आणि तुमच्या सॉफ्टवेअरने गृहीत धरलंय, त्याचा हिशेब आधी करू. वेगवेगळं भरलं तर तुमचे ९५,००० वजा १५,७५० ची स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे ७९,२५० वर कर १२,३४९ डॉलर. पती १०४०-एनआर (अनिवासींचा फॉर्म) भरतील. एरवी अनिवासी माणसाला स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही, पण भारत-अमेरिका करकराराच्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्यांना ती मिळते. मात्र तुम्ही तुमच्या रिटर्नमध्ये खर्चवार वजावटी घेतल्या नसतील तरच. त्यांचे ८०,००० वजा १५,७५०, म्हणजे ६४,२५० वर कर ९,०४९. बेरीज २१,३९८. एकत्र भरलं तर १,७५,००० वजा ३१,५००, म्हणजे १,४३,५०० वर कर २१,३९८.

एका डॉलरचाही फरक नाही. दोघांचे पगार एकाच टप्प्यात बसतात तेव्हा असंच होतं, कारण या पातळीवर जॉइंटचे टप्पे सेपरेटच्या अगदी दुप्पट असतात. आणि सेपरेटचे टप्पे सिंगलसारखेच असतात. अडीच लाख डॉलरच्या आत उत्पन्न असेल तर सेपरेट म्हणजे दंड, ही समजूत निदान टप्प्यांपुरती तरी खरी नाही. फायदा होतो तो एकाची कमाई कमी असली की. पती पीएचडी करत असते आणि २८,००० डॉलर मिळत असते, तर तुमच्याच पगारावर जॉइंटने सुमारे ३,०७८ डॉलर वाचले असते. त्यांना काहीच उत्पन्न नसतं तर ५,२०६. अशा वाचकांनी जॉइंटचा विचार जरूर करावा.

मग तुमच्या बाबतीत पारडं कशाने झुकतं? तुम्ही पत्रात ओझरता उल्लेख केलेल्या रॉथ आयआरएने. सेपरेट भरणाऱ्या आणि वर्षात कधीही जोडीदाराबरोबर राहिलेल्या व्यक्तीचं उत्पन्न १०,००० डॉलर झालं की रॉथमध्ये भरण्याची मर्यादा शून्य होते. डिसेंबरचे तीन आठवडे तुम्ही नाशिकला एका घरात होतात. ते 'एकत्र राहणं' धरलं जाईल असंच समजून चाला. म्हणजे सेपरेट भरलं तर तुमचे सातही हजार जादा भरणा ठरतील आणि ते तिथेच राहिले तर दरवर्षी ६ टक्के, म्हणजे ४२० डॉलर दंड. जॉइंटमध्ये २०२५ साठी रॉथची कात्री २,३६,००० नंतर लागते, तुम्ही बऱ्याच खाली आहात. तुमचं विद्यार्थी कर्ज चालू असेल तर त्याच्या व्याजाची वजावटही सेपरेटमध्ये मुळीच मिळत नाही. पतींनी इथे शेअर विकून नफा केला असेल, तर वर्षात १८३ दिवस इथे राहिलेल्या अनिवाशाला त्यावर सरळ ३० टक्के कर बसतो. जॉइंटमध्ये तो नेहमीच्या दराने बसेल. उलट बाजूही आहे. इथल्या बँकेतलं त्यांचं व्याज अनिवासी असताना करमुक्त होतं, ते आता करपात्र होईल, आणि करकराराच्या सवलती सोडाव्या लागतील.

आता नाशिकच्या एफडीची भीती. दहा लाखांवर साधारण ७०,००० रुपये व्याज धरा. डॉलर ८७ रुपये धरला तर सुमारे ८०५ डॉलर. त्यावर २२ टक्क्यांनी इथला कर १७७ डॉलर होईल, आणि भारतात त्याच व्याजावर रीतसर देय असलेला कर फॉर्म १११६ वर वजा मिळेल. एवढ्यासाठी रात्रीची झोप उडवू नका. फक्त ती एफडी अजून साध्या निवासी खात्यात असेल तर बँकेला सांगून एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्या. फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) नियमाने ते आधीच व्हायला हवं होतं.

फ्लॅटचं तर त्याहून सोपं. स्वतःच्या नावावर असलेली जागा परदेशी मालमत्तेच्या फॉर्मवर दाखवायची नसते. भाडं येत असेल तर मात्र पतींच्या वाट्याचं भाडं शेड्यूल ई वर, घसारा धरून दाखवावं लागतं. सासऱ्यांच्या पिढीत भाडं रोखीने घेऊन घरखर्चात टाकण्याची पद्धत असते. तसं असेल तर आतापासून ते बँकेत जमा होऊ द्या.

खरी काळजी म्युच्युअल फंडांची घ्या. भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकेच्या कायद्यात 'पीएफआयसी' (निष्क्रिय परदेशी गुंतवणूक कंपनी) या वर्गात मोडतात आणि त्यांचे नियम कडक आहेत. दिलासा असा की वर्षअखेर अशा सगळ्या फंडांची एकूण किंमत जॉइंट भरणाऱ्यांसाठी ५०,००० डॉलरच्या आत असेल, आणि वर्षात विक्रीचा नफा किंवा जादा लाभांश आलेला नसेल, तर फॉर्म ८६२१ भरावा लागत नाही. सहा लाख म्हणजे सात हजार डॉलरसुद्धा नाहीत. पण एक युनिट जरी नफ्यात विकलं तरी ही सूट जाते आणि हिशेब अतिशय किचकट होतो. आणखी एक गोष्ट, जी पुष्कळांच्या लक्षात येत नाही: एका फंडातून दुसऱ्यात 'स्विच' केलं की तीही विक्रीच असते. म्हणून पतींनी २०२५ मध्ये काही विकलं किंवा स्विच केलं का, हा प्रश्न रिटर्न भरण्याआधी विचारायलाच हवा. एसआयपी आता थांबवा. असलेली युनिटं घाईने विकू मात्र नका, आधी पीएफआयसी हाताळणाऱ्या जाणकाराकडून हिशेब करून घ्या.

आता सहकाऱ्याच्या सल्ल्यातला उरलेला अर्धा भाग पाहा. सेपरेट भरल्याने पतींचं भारतातलं उत्पन्न अमेरिकेच्या करातून सुटत नाही, फक्त पुढे ढकललं जातं. ग्रीन कार्ड मिळालं त्या दिवसापासून ते स्वतःच निवासी होतील. नाही मिळालं तरी २०२७ मध्ये दिवसांच्या मोजणीने होतील. फार तर एक-दोन वर्षांची सवड. त्याच कारणाने 'ही निवड म्हणजे कायमचं अडकणं' ही भीतीही तुमच्या बाबतीत फारशी लागू नाही. निवड पुढच्या वर्षांनाही आपोआप लागू राहते आणि एकदा रद्द केली तर पुन्हा कधीच करता येत नाही, हे खरं. पण पती स्वतः निवासी झाले की तिची गरजच उरत नाही. ज्यांचा जोडीदार भारतातच राहणार आहे, त्यांनी मात्र या अटीवर दहादा विचार करावा.

म्हणून माझा कौल जॉइंटकडे आहे, पण एका अटीवर: पतींचे भारतातले कागद टेबलावर आल्यावरच. जॉइंट रिटर्नवर दोघांची सही असते आणि करासाठी दोघंही पूर्णपणे जबाबदार असतात. त्यांच्या विस्मरणात गेलेल्या एफडीची नोटीस तुमच्याही नावे येते. तुम्ही विचारलंत, न विचारता भागेल का? सेपरेट भरलं तर यंदापुरतं भागेल. पण तुम्ही या विचारण्याला संशय समजताय, तिथे थोडं थांबा. हा प्रश्न तुम्ही विचारत नाही, फॉर्म विचारतोय. तुमचाही हिशेब त्यांच्यापुढे ठेवा: एनआरओ खातं, आईबाबांच्या खात्यावरचं तुमचं नाव, आहेराचे पैसे ज्या खात्यात ठेवले ते. यादी दोघांची एकदम झाली की कुणी कुणाची चौकशी करतंय असं वाटत नाही.

कागद कुठून मिळवायचे तेही सांगतो, कारण इथेच गाडी अडते. भारतातलं वर्ष एप्रिल ते मार्च, इथलं जानेवारी ते डिसेंबर. बँकेकडे व्याजाचा दाखला मागितला की ती आर्थिक वर्षाचा देते. 'एक जानेवारी ते एकतीस डिसेंबर २०२५' असं लिहून मागा. पतींनी आयकर खात्याच्या पोर्टलवरून २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन्ही वर्षांचं एआयएस (वार्षिक माहितीपत्रक) उतरवून घ्यावं. त्यात व्याज, लाभांश, फंडांची विक्री, टीडीएस सगळं दिसतं, विसरलेली जुनी खातीसुद्धा. पहिल्यातून जानेवारी ते मार्च, दुसऱ्यातून एप्रिल ते डिसेंबर घ्या. फंडांसाठी कॅम्स किंवा केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडून एकत्रित स्टेटमेंट ईमेलवर मिळतं. मार्चअखेर हे जमलं नाही तर १५ एप्रिलच्या आत फॉर्म ४८६८ भरा, १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळेल. ही मुदत कागद भरण्यासाठी आहे, पैसे भरण्यासाठी नाही. जो काही कर निघेल असं वाटतं तो एप्रिलमध्येच भरून टाका.

कागद तरीही अडले तर सेपरेट भरून मोकळं होता येतं. सेपरेट भरलेलं रिटर्न मूळ मुदतीपासून तीन वर्षांत, म्हणजे १५ एप्रिल २०२९ पर्यंत, १०४०-एक्स (दुरुस्तीचा फॉर्म) भरून जॉइंट करता येतं. जॉइंट भरलेलं मात्र मुदत उलटल्यावर सेपरेट करता येत नाही. मनात खरंच शंका असेल तेव्हा आधी सेपरेट भरणं हीच शहाणपणाची चाल. रॉथचे पैसे मात्र तीन वर्षं थांबून नव्हे, यंदाचं रिटर्न भरण्याच्या मुदतीतच, त्यांवरच्या नफ्यासह काढून ठेवा.

प्रत्यक्ष भरताना सॉफ्टवेअर विचारेल, तुम्ही दोघं वर्षभर नागरिक किंवा निवासी होता का? इथे बहुतेक जण 'हो' दाबून पुढे जातात आणि निवडीचं निवेदन जोडायचं राहून जातं. फॉर्म १०४० च्या पहिल्या पानावर, वैवाहिक स्थितीच्या खाली, अनिवासी जोडीदाराला पूर्ण वर्ष निवासी धरत असल्याची एक चौकट आहे. ती टिक करून पतींचं नाव लिहा. शिवाय वेगळ्या कागदावर निवेदन हवंच: वर्षाच्या शेवटच्या दिवशी एक जण नागरिक आणि दुसरा अनिवासी होता, दोघांना पूर्ण वर्षासाठी निवासी धरावं अशी आमची निवड आहे, दोघांची नावं, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर आणि दोघांच्या सह्या. सॉफ्टवेअर पीडीएफ जोडू देत नसेल तर रिटर्न छापून सर्टिफाइड टपालाने पाठवा. न्यू जर्सीचं रिटर्न साधारणपणे याच स्थितीत भरायचं असतं.

एफबीएआर (परदेशी खात्यांचा अहवाल) हे वेगळं प्रकरण आहे, ते रिटर्नबरोबर जात नाही. परदेशी खात्यांची मिळून रक्कम वर्षात एखाद्या दिवशीही १०,००० डॉलरवर गेली असेल तर ते फिनसेन या अमेरिकी अर्थखात्याच्या विभागाच्या संकेतस्थळावर भरायचं. त्यासाठी ही निवड विचारात घेत नाहीत, त्यामुळे एफ-१ वरच्या पतींना २०२५ साठी ते लागू नाही. तुम्हाला मात्र आहे, आणि संयुक्त खात्यातली पूर्ण रक्कम धरायची असते, निम्मी नाही. आहेराचं खातं विसरू नका.

पतींच्या डब्ल्यू-२ (पगाराचा वार्षिक दाखला) वरचे ४ आणि ६ क्रमांकाचे रकाने आजच पाहा. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात त्यांना लागू नाही, आणि जॉइंटची निवड केल्याने ती लागू होत नाही. ८०,००० वर ती ६,१२० डॉलर होते, तुमच्या सगळ्या जॉइंट-सेपरेटच्या हिशेबापेक्षा मोठी. 'मी आता निवासी आहे' असं पगार विभागाला मोघम सांगितलं की कपात सुरू होते. चुकून कापली गेली असेल तर आधी कंपनीकडे मागा, नाही दिली तर फॉर्म ८४३ आणि ८३१६ भरून आयआरएसकडे.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी थोडक्यात. जोडीदार एच-४ (अवलंबितांच्या) व्हिसावर असेल तर त्याचे दिवस पहिल्या दिवसापासून मोजले जातात. यंदाचे सगळे, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश आणि त्याआधीचे एक षष्ठांश मिळून १८३ झाले, आणि यंदाचे किमान ३१ असले, की तो निवासीच. तो पूर्ण वर्ष निवासी असेल तर या निवडीची गरज नाही, फक्त आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा कर क्रमांक) लागतो. जोडीदार पुण्यात किंवा साताऱ्यात असेल आणि जॉइंट भरायचं असेल, तर आयटीआयएनच्या अर्जाच्या फॉर्म डब्ल्यू-७ वर 'ई' चौकट टिक करून तो रिटर्नसोबतच पाठवावा लागतो, आधी सुटा पाठवला तर साधारणपणे परत येतो. नोटरीची प्रत चालत नाही. मूळ पासपोर्ट किंवा पासपोर्ट देणाऱ्या कार्यालयाने प्रमाणित केलेली प्रत हवी, नाहीतर आयआरएसने मान्यता दिलेल्या एजंटकडून पडताळणी. या हंगामात नऊ ते अकरा आठवडे लागतात, तोपर्यंत मूळ पासपोर्ट अडकून व्हिसाची मुलाखत चुकू नये याचा विचार आधी करा. आणि नागरिक मुलगी भारतातल्या आईवडिलांना पैसे पाठवते म्हणून 'हेड ऑफ हाउसहोल्ड' (कुटुंबप्रमुख) म्हणून भरता येत नाही. भारतात राहणारे, अमेरिकेचे नागरिक नसलेले पालक त्यासाठी अवलंबित धरले जात नाहीत.

शेवटी पतींचं २०२४ चं रिटर्न. ते अनिवासी होते, त्यामुळे १०४० नव्हे, १०४०-एनआर भरायला हवं होतं. कलम २१(२) मुळे कराचा आकडा कदाचित बदलणारही नाही, पण चुकीच्या फॉर्मवर त्यांनी स्वतःला निवासी म्हटलंय. १०४०-एक्सवर नाव, पत्ता, नंबर आणि कारण लिहा, मागे योग्य भरलेलं १०४०-एनआर आणि ८८४३ (दिवस मोजणीतून वगळण्याचं निवेदन) जोडा, त्याच्या माथ्यावर 'अमेंडेड' लिहा. यंदाचं रिटर्न आणि ग्रीन कार्डचा अर्ज, दोन्हींच्या आधी हे पाठवा आणि टपालाच्या पावतीसह एक प्रत ग्रीन कार्डच्या फाइलमध्ये ठेवा.